स्मार्टफोनवरील तीन बटणे : एका संकेताचा इतिहास

अँड्रॉइड प्रणालीवर चालणाऱ्या फोनच्या पडद्याखाली, किंवा पडद्यावरच अगदी तळाशी, तीन बटणे असण्याची पद्धत दीर्घकाळ चालत आली आहे. एक बटण मागच्या पडद्यावर नेते, दुसरे मूळ पडद्यावर म्हणजे ‘होम’वर नेते व तिसरे अलीकडे उघडलेल्या ॲपची यादी दाखविते. त्यांना नॅव्हिगेशन बटणे असे म्हणतात. वापरणाऱ्याचा अंगठा दिवसातून शेकडो वेळा त्यांच्याकडे वळतो. परंतु मागे नेणारे बटण डावीकडेच का, किंवा काही फोनवर ते उजवीकडेच का, हा प्रश्न त्याच्या मनात सहसा येत नाही. रूढ झालेल्या संकेताचे हेच लक्षण होय. तो पाळला जात असताना दिसत नाही. मोडला गेला म्हणजेच दिसतो.

ह्या बटणांचा क्रम व आकार कोणी ठरविला, तो किती वेळा बदलला, आणि ज्याच्या मालकीचा फोन आहे त्याला तो बदलण्याचा अधिकार कितपत होता, ह्याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. तथापि, संकेत निर्माण करण्याचा अधिकार कोणाचा, हा भाषाविचारातील एक फार जुना प्रश्न ह्या लहानशा इतिहासात नव्या वेषात उभा राहिलेला दिसतो.

(१) क्रमाची अस्थिरता

अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन, एचटीसी ड्रीम, २००८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत टी-मोबाइल जी-१ ह्या नावाने विक्रीस आला. त्याच्या पडद्याखाली मध्यभागी एक फिरता गोळा होता. त्याच्या डावीकडे होमचे बटण, उजवीकडे मागे नेण्याचे बटण व वरच्या बाजूस मेनूचे बटण अशी मांडणी होती. दोन्ही टोकांना फोन घेण्याची व ठेवण्याची बटणे होती. म्हणजे अगदी पहिल्या फोनवर ‘मागे’ची जागा उजवीकडे होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे जो क्रम स्वाभाविक म्हणून मानला गेला, तो आरंभीचा क्रम नव्हे.

त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत प्रत्येक उत्पादकाने आपापली मांडणी केली. मोटोरोलाच्या ड्रॉइड फोनवर (२००९) डावीकडून मागे, मेनू, होम व शोध असा क्रम होता. गूगलच्या नावाने निघालेल्या नेक्सस वन फोनने (जानेवारी २०१०) तोच पाळला. परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरात निघालेल्या नेक्सस एस फोनवर होम व शोध ह्यांनी जागांची अदलाबदल केली. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस फोनवर (२०१०) मेनू डावीकडे, होम मध्ये व ‘मागे’ उजवीकडे होते. प्रणाली एक, क्रियाही त्याच, परंतु क्रम निरनिराळे, अशी ही स्थिती होती. एकाच भाषेच्या बोलींत एकच आशय वेगवेगळ्या शब्दक्रमाने मांडला जावा, तसा हा प्रकार होता. अँड्रॉइडशी सुसंगत म्हणवून घेण्यासाठी उत्पादकांनी जे नियम पाळावयाचे होते, त्यांत आवश्यक क्रिया वापरणाऱ्याला सदैव उपलब्ध असाव्यात असा आग्रह होता. क्रम मात्र उत्पादकाच्या मर्जीवर राहिला.

२०११ साली ह्या अस्थिरतेस आळा घालण्याचा प्रयत्न झाला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत टॅब्लेटसाठी आलेल्या अँड्रॉइड ३.० ने बटणे यंत्राच्या अंगावरून उचलून पडद्यावर आणली. ऑक्टोबरमध्ये गॅलेक्सी नेक्सस ह्या फोनबरोबर जाहीर झालेल्या अँड्रॉइड ४.० ने तीच व्यवस्था फोनवर आणली : डावीकडे मागे, मध्ये होम, उजवीकडे अलीकडील ॲप. शोधाचे बटण गेले. मेनूच्या बटणाची जागा ॲपमधील तीन टिंबांनी घेतली. २०१२ च्या जानेवारीत गूगलने ॲप लिहिणाऱ्यांना मेनू बटणावर विसंबून न राहण्याचा जाहीर सल्ला दिला. परंतु त्याच वर्षी मे महिन्यात जाहीर झालेल्या सॅमसंगच्या गॅलेक्सी एस ३ फोनवर डावीकडे मेनू व उजवीकडे ‘मागे’ ही जुनी जोडी कायम होती. २०१४ च्या गॅलेक्सी एस ५ मध्ये मेनूच्या जागी अलीकडील ॲपचे बटण आले. ‘मागे’ मात्र उजवीकडेच राहिले. अशा रीतीने दोन प्रमुख संप्रदाय निर्माण झाले, आणि एका संप्रदायाचा फोन टाकून दुसऱ्याचा घेणाऱ्याचा अंगठा कित्येक दिवस चुकीच्या जागी पडू लागला.

(२) चिन्हांचे स्थित्यंतर

क्रमाप्रमाणेच चिन्हांचाही इतिहास आहे. अँड्रॉइड ४.० मधील चिन्हे चित्ररूप होती : वळून मागे येणारा बाण, घराचा आकार व एकावर एक ठेवलेले आयत. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये अँड्रॉइड ५.० आले, तेव्हा त्यांची जागा त्रिकोण, वर्तुळ व चौकोन ह्यांनी घेतली. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स ह्याने चिन्हांचे जे प्रसिद्ध वर्गीकरण केले, त्यात साम्यावर आधारलेले चिन्ह व केवळ रूढीवर आधारलेले चिन्ह असा भेद आहे. घराचे चित्र पहिल्या वर्गात मोडते, वर्तुळ दुसऱ्या वर्गात. त्रिकोणाचे टोक डावीकडे असल्यामुळे त्यात बाणाची काही आठवण उरली. वर्तुळात व चौकोनात मात्र पूर्वीच्या अर्थाची खूण जवळजवळ राहिली नाही. चित्रलिपीतून अक्षरलिपी घडताना जे शतकानुशतके घडत गेले, ते येथे तीन वर्षांत घडले.

डावीकडे तोंड असलेला बाण ‘मागे’ असे का सुचवितो, हेही पाहण्यासारखे आहे. डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्याला जे वाचून झाले ते डावीकडे असते. अरबी वा हिब्रू वाचणाऱ्याला ते उजवीकडे असते. अशा लिप्यांसाठी संपूर्ण मांडणी उलटविण्याची सोय अँड्रॉइडमध्ये २०१२ च्या अखेरीस, ४.२ ह्या आवृत्तीत आली. म्हणजे जे चिन्ह निसर्गसिद्ध भासते, त्याच्याही मुळाशी लिपीची सवय आहे. मराठीतील ‘मागे’ हा शब्द स्थळवाचक आहे, तसाच कालवाचकही आहे; ‘पाठीमागे’ व ‘काही दिवसांमागे’ ह्या दोन्ही ठिकाणी तो चालतो. ह्या बटणाच्या कार्यातही तीच द्व्यर्थता आहे, कारण ते पडद्यावरील एखाद्या जागेकडे नेत नाही, तर नुकत्याच होऊन गेलेल्या क्षणाकडे नेते. योगायोग असा की, प्रणालीच्या भाषांत मराठीचा समावेशही ५.० ह्याच आवृत्तीत झाला. ज्या आवृत्तीने मराठी वाचकास त्याच्या भाषेतील शब्द दिले, तिनेच बटणांवरील चित्रे काढून घेतली.

(३) ‘रूट’ म्हणजे काय

हे सर्व बदल वरून येत होते. वापरणाऱ्याने ते स्वीकारावयाचे, एवढेच त्याच्या हाती होते. ह्याला अपवाद ‘रूट’ केलेल्या फोनचा. अँड्रॉइडच्या पायाशी लिनक्सचा गाभा आहे, व लिनक्सने युनिक्सकडून जी परंपरा घेतली तीत सर्वाधिकारी वापरकर्त्यास ‘रूट’ हे नाव आहे. इतरांना ज्या फायली केवळ वाचता येतात, किंवा वाचताही येत नाहीत, त्या त्याला बदलता येतात. फोन विकताना उत्पादक हा अधिकार बंद करून विकतो. तो मिळविणे म्हणजे फोन रूट करणे.

ह्या इतिहासाचा आरंभ भाषाभ्यासकाला विशेष मनोरंजक वाटावा असा आहे. एचटीसी ड्रीमच्या सुरुवातीच्या प्रणालीत अशी चूक राहून गेली होती की, फोनच्या कळफलकावर जे जे टंकित होई ते पडद्यामागे रूटच्या अधिकाराने आज्ञा म्हणूनही पाठविले जाई. एखाद्याने मित्राला निरोप लिहिताना ‘रीबूट’ हा शब्द इंग्रजीत लिहून ओळ संपविली, तर फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई. उच्चारणे म्हणजेच कृती करणे, ह्या जे. एल. ऑस्टिन ह्याच्या सिद्धान्ताचे इतके शब्दशः उदाहरण क्वचितच सापडेल. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये ही चूक लक्षात आली व गूगलने ती त्वरित दुरुस्त केली. परंतु तेवढ्या अवधीत जिज्ञासूंनी तिच्याच साहाय्याने रूटचा अधिकार मिळविला होता.

पुढे स्टीव्ह कोंडिक ह्याने २००९ मध्ये सायनोजेनमॉड ही सुधारित प्रणाली सुरू केली. तीत गूगलची स्वतःची ॲप अंतर्भूत असल्याबद्दल त्याच वर्षी सप्टेंबरात गूगलने हरकत घेतली. ती ॲप वगळून काम पुढे चालू राहिले. २०१२ मध्ये एक्सपोज्ड ही योजना आली, व २०१६ मध्ये मॅजिस्क आले. मॅजिस्कने प्रणालीच्या मूळ फायलींना हात न लावता वरून बदल करण्याची रीत रूढ केली. कायद्याच्या बाजूने पाहता, अमेरिकेत २०१० च्या जुलैमध्ये, आपल्या फोनवर आपल्या पसंतीचे ॲप चालावे म्हणून कुलूप तोडणे हा प्रतिमुद्राधिकाराचा भंग नव्हे, अशी सूट लायब्ररी ऑफ काँग्रेसने जाहीर केली.

(४) बदलाची रीत

रूटचा अधिकार असलेल्याने बटणे कशी बदलली, हे पाहिले म्हणजे संकेताची घडण उघडी पडते. यंत्राच्या अंगावरील बटण दाबले असता लिनक्सचा गाभा एक अंक निर्माण करतो. ह्या अंकाचा अर्थ एका साध्या मजकुराच्या फाइलीत दिलेला असतो. तिच्या प्रत्येक ओळीत ‘की’ हा शब्द, मग अंक व शेवटी नाव असते. १५८ ह्या अंकासमोर ‘बॅक’, १३९ समोर ‘मेनू’ व १७२ समोर ‘होम’, अशा त्या ओळी होत. ‘मागे’ व ‘मेनू’ ह्यांच्या जागा बदलावयाच्या असतील, तर बटणांना स्पर्शही करावा लागत नाही. १५८ समोर मेनू व १३९ समोर बॅक असे लिहून फाइल जतन केली व फोन पुन्हा सुरू केला म्हणजे झाले. बटण, अंक, नाव व क्रिया ही चार पदे असलेली साखळी आहे, आणि तिच्यातील अंक व नाव ह्यांना जोडणारा दुवा निव्वळ मानलेला आहे. शब्द व अर्थ ह्यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे फेर्दिनां द सोस्यूर ह्याच्या व्याख्यानांवरून सिद्ध झालेल्या १९१६ च्या ग्रंथातील मत येथे एका ओळीच्या दुरुस्तीने पडताळून पाहता येते.

ज्या फोनच्या अंगावरील बटणे निकामी झाली, त्यांच्यासाठी दुसरा उपाय होता. प्रणालीच्या गुणधर्मांच्या फाइलीत एक ओळ वाढवून, ह्या यंत्रास बटणे नाहीत असे प्रणालीला सांगावयाचे. मग ती पडद्यावर स्वतःची बटणे काढून देई. ह्या ओळीचा आरंभ ‘क्यूएमयू’ ह्या शब्दाने होतो. क्यूएमयू म्हणजे संगणकावर फोनचे सोंग उभे करणारी आज्ञावली. मूळ सोय ॲप लिहिणाऱ्यांच्या चाचणीसाठी होती. तुटक्या बटणाच्या फोनचे आयुष्य वाढविण्यासाठी तिचा उपयोग वापरणाऱ्यांनी शोधून काढला. शब्दाचा मूळ अर्थ मागे पडून नवा अर्थ रूढ व्हावा, तसाच हा प्रकार होय.

तिसरी रीत चिन्हे बदलण्याची. पडद्यावरील बटणांची चित्रे प्रणालीच्या दृश्य भागात स्वतंत्र फायलींच्या रूपाने असत. त्यांच्या जागी त्याच मापाची दुसरी चित्रे ठेवली की नवी चिन्हे दिसू लागत. सायनोजेनमॉडच्या पुढील आवृत्त्यांत तर बटणांचा क्रम बदलणे, नवी बटणे घालणे व आडव्या पडद्यावर बटणांची पट्टी डाव्या हाताला आणणे ह्या गोष्टी फायलींना हात न लावता करता येऊ लागल्या. २०१३ च्या एचटीसी वन ह्या फोनवर दोनच बटणे होती, व त्यांच्यामध्ये कंपनीचे बोधचिन्ह होते. त्याखालचा भागही स्पर्श ओळखू शकतो असे आढळल्यावर, बदललेल्या गाभ्याच्या साहाय्याने ते बोधचिन्हच तिसरे बटण म्हणून वापरले जाऊ लागले. ज्या खुणेचा अर्थ केवळ निर्मात्याचे नाव एवढाच होता, तिला वापरणाऱ्याने क्रियापद बनविले.

(५) बदलाची कारणे व त्याचे मोल

हा सर्व खटाटोप हौसेपोटी झाला असे म्हणता येणार नाही. हौस होतीच, परंतु गरजही होती. पहिल्या एचटीसी ड्रीमचा पडदा ३.२ इंचांचा होता, तर २०११ च्या गॅलेक्सी नोटचा ५.३ इंचांचा. फोन उजव्या हातात धरला असता एवढ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातील बटणापर्यंत अंगठा सहज पोहोचत नाही. डावखुऱ्याची अडचण नेमकी उलट. ज्याला एकच हात वापरता येतो, त्याच्या दृष्टीने तर क्रम हा सोयीचा नव्हे, शक्याशक्यतेचा प्रश्न आहे. शिवाय, काही प्रकारच्या पडद्यांवर सतत एकाच जागी दिसणाऱ्या बटणांचा ठसा कायमचा उमटत असे, म्हणून ती पट्टी लपविण्याचीही निकड होती.

तथापि, दुसरी बाजू सांगितल्यावाचून हा इतिहास प्रामाणिक होणार नाही. जो अधिकार बटणे बदलू देतो, तोच सर्व काही बदलू देतो. रूटची परवानगी मिळालेले दुष्ट ॲप बँकेच्या ॲपची माहितीही वाचू शकते. फाइल लिहिताना एखादी परवानगी चुकली तरी फोन अर्धवट सुरू होऊन पुन्हा पुन्हा बंद होत राहतो. २०१३ पासून सॅमसंगने नॉक्स ह्या व्यवस्थेबरोबर फोनमध्ये असा विद्युत्-दुवा बसविला की, अनधिकृत प्रणाली घातल्यास तो कायमचा तुटतो व मागाहून जोडता येत नाही. २०१६ च्या अँड्रॉइड ७.० पासून प्रणालीत बदल झाला आहे काय, ह्याची तपासणी फोन सुरू होतानाच कठोरपणे होऊ लागली. पैशांचे व्यवहार करणारी अनेक ॲप रूट केलेल्या फोनवर चालण्यास नकार देतात. ही सावधगिरी निराधार नाही. परंतु तिचा परिणाम असा झाला की, दोन बटणांची अदलाबदल व तिजोरीचे कुलूप ह्या गोष्टी एकाच किल्लीला बांधल्या गेल्या. ज्याला पहिली हवी, त्याला दुसरीचा धोका पत्करावा लागला.

(६) संकेत सोयीचा होतो, मग नाहीसा होतो

उत्पादकांनी हळूहळू ही मागणी मान्य केली. २०१३ च्या एलजी जी-२ फोनमध्ये बटणांच्या निरनिराळ्या जुळण्यांतून एक निवडता येत होती. २०१४ चा वनप्लस वन हा फोन सायनोजेनमॉडच्याच प्रवर्तकांनी स्थापिलेल्या कंपनीच्या प्रणालीवर चालत असे. त्यात अंगावरील बटणे वापरावी की पडद्यावरील, हे सेटिंगमध्ये ठरविता येई. हा फोन भारतात त्याच वर्षी डिसेंबरात आला. त्याच प्रणालीवर मायक्रोमॅक्सच्या ‘यू’ ह्या शाखेचा युरेका हा फोन २०१५ च्या जानेवारीत विक्रीस आला, आणि प्रणालीच्या भारतातील हक्कावरून दिल्ली उच्च न्यायालयात वादही झाला. पूर्वी जे रूट करून मिळवावे लागे, ते आता दुकानातून खोक्यात येऊ लागले होते. २०१५ च्या वनप्लस २ फोनवर तर दोन्ही बाजूंच्या बटणांवर अर्थसूचक चिन्हच नव्हते, नुसती आडवी रेघ होती. कोणत्या रेघेचा अर्थ काय, हे वापरणाऱ्याने ठरवावयाचे. सॅमसंगने २०१७ च्या गॅलेक्सी एस ८ मध्ये बटणे पडद्यावर आणली व क्रम उलटविण्याची सोय सेटिंगमध्येच दिली. सात वर्षे चाललेला वाद एका पर्यायाने मिटला.

आणि तो मिटतो न मिटतो तोच बटणांवरच गदा आली. २०१८ च्या अँड्रॉइड ९ मध्ये तीनांची दोन झाली. त्या वर्षीच्या पिक्सेल ३ फोनवर तीन बटणांकडे परतण्याचा मार्गच ठेवला नव्हता. २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये पडद्याच्या कडेवरून बोट ओढून मागे जाण्याची पद्धत आली. मात्र तीन बटणांचा पर्याय त्याच आवृत्तीने पुन्हा मान्य केला. बोट ओढण्याच्या ह्या पद्धतीत दिसणारे चिन्ह जवळजवळ उरलेले नाही. उरली आहे ती केवळ क्रिया. ज्याने ती शिकून घेतली त्याला ती सुलभ आहे. ज्याला बोट नेमके ओढता येत नाही, किंवा जो वृद्धापकाळी प्रथमच फोन हातात घेत आहे, त्याला वाचावयास पडद्यावर काहीच नाही.

(७) उपसंहार

उत्तरकालीन न्यायग्रंथांत संकेताचे दोन प्रकार सांगितले आहेत : आजानिक, म्हणजे अनादि कालापासून चालत आलेला व ज्याच्यामागे ईश्वरेच्छा मानली जाते असा, आणि आधुनिक, म्हणजे माणसाने आपल्या कामापुरता निर्माण केलेला. फोनच्या जगात पहिल्याचे स्थान उत्पादकाने घेतले. त्याचा संकेत फोन हातात येण्यापूर्वीच ठरलेला असतो व अनादि भासतो. रूट करणाऱ्यांनी केलेले महत्त्वाचे कार्य असे की, हा संकेतही आधुनिकच आहे, तो मजकुराच्या एका ओळीत लिहिलेला आहे व ती ओळ पुसून दुसरी लिहिता येते, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे उत्पादकांनी जे पर्याय दिले, त्यांतील बरेच ह्या मंडळींनी आधीच हाताळून पाहिलेले होते.

भाषेत कोणाही एका व्यक्तीला संकेत बदलता येत नाही, कारण तो ऐकणाऱ्यालाही मान्य व्हावा लागतो. म्हणून भाषेतील रूढीचे बंधन न्याय्य ठरते. फोनच्या बटणाची गोष्ट वेगळी आहे. तेथे बोलणारा एक माणूस व ऐकणारे त्याचेच यंत्र आहे. तिसऱ्या कोणाची संमती लागण्याचे कारण नाही. अशा ठिकाणी संकेत ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाताला तो पाळावयाचा आहे त्याच्याकडे असावा, आणि तो वापरण्यासाठी त्याला संपूर्ण तिजोरी उघडी टाकावी लागू नये. तीन बटणांच्या ह्या अल्पकालीन इतिहासातून निघणारा निष्कर्ष एवढाच आहे. बटणे उद्या राहोत वा जावोत, त्यांच्या जागी जे येईल त्यालाही तो लागू पडेल.